काहीच न झालेलं साल

आमच्या इतिहासाच्या मास्तरांना सगळी सनावळी तोंडपाठ होती, आणि ती आम्हालाही असावी असा त्यांच्या छडीचा आग्रह असे. १८१५ वॉटर्लू, १८१७ खडकीची लढाई, १८१८ पेशवाईचा शेवट. मधलं एक साल पडलेल्या दातासारखं मोकळं दिसे. एकदा धीर करून विचारलं, "सर, १८१६ साली काय झालं?"

"काही झालं नाही. खाली बस."

बसलो. पुढे पेन्शनीत निघाल्यावर वाचनालयात वेळ घालवू लागलो, तेव्हा कळलं की मास्तर अगदीच चुकले नव्हते. त्या साली खरोखरच एक गोष्ट झाली नाही. युरोप-अमेरिकेत उन्हाळा झाला नाही!

कारण आदल्या वर्षीचं. १८१५च्या एप्रिलात आजच्या इंडोनेशियातल्या सुम्बावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. तिथली हजारो माणसं आगीनं आणि मागून आलेल्या उपासमारीनं गेली. डोंगरातून निघालेला गंधकाचा वायू आभाळात फार उंच चढला, त्याचा झिरझिरीत पडदा पृथ्वीभोवती पसरला आणि सूर्याची धग कमी झाली. १८१६च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडलं. पश्चिम युरोपात थंड पाऊस थांबेना. उभी पिकं कुजली, पाव महागला. इंग्लंडात 'भाकरी नाहीतर रक्त' अशी निशाणं घेऊन भुकेली माणसं रस्त्यावर आली.

त्याच पावसात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरन, शेली आणि अठरा वर्षांची मेरी अशी मंडळी घरात अडकून पडली होती. आपल्याकडे अशा वेळी पत्ते निघतात आणि भजी तळली जातात. बायरननं टूम काढली की प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. मेरीच्या गोष्टीतून 'फ्रँकेन्स्टाइन' जन्माला आलं.

आणि त्याच साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला. त्यानं कागदाची सुरळी करून ती कानाला लावली, आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. भिडस्तपणाचा जगाला एवढा फायदा क्वचितच झाला असेल!

म्हणजे मास्तरांच्या रिकाम्या सालात एवढं सगळं होतं. पण माझ्या मनात राहिला तो शेतात कुजलेल्या पिकापुढे उभा असलेला माणूस. ज्या डोंगरानं त्याची भाकरी नेली, त्याचं नावही त्याच्या कानावर आलं नव्हतं. काही लोकांनी सूर्यावरच्या डागांना दोष दिला, काहींनी आपल्या पापांना. खरा धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो विसाव्या शतकात. तोवर ते सगळे केव्हाच मातीत गेले होते. त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनीही मास्तरांसारखंच सांगितलं असतं, "विशेष काही नाही. पाऊस लांबला."

परवा आमच्याकडे भर एप्रिलात सर आली. मी खिडकीशी उभा राहून म्हटलं, "अगं, आत्ता पाऊस? कुठे काय झालं असेल गं?"

आतून आवाज आला, "काही झालेलं नाही. आधी गच्चीवरचे पापड आत आणा."

गेलो.