तेच दार, उलटा प्रवाह

उसाला रात्रीबेरात्री पाणी पाजणाऱ्या शिरोळकरांना दारे धरणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. दार उघडले की पाणी वाहते. पण ते कोणीकडे वाहील, हे पातळी ठरविते. २०१९ च्या महापुरात आपण हे पाहिलेच. कृष्णा चढली म्हणजे पंचगंगेला फुगवटा येतो, आणि एरवी रानातले पाणी नदीत नेणारे ओढेच नदीला रानात आणतात. मेंदूच्या घडणीचा इतिहास वाचताना आम्हांस हेच दृश्य आठवले.

१९०५ साली केंब्रिजच्या लँग्ली यांनी असा विचार मांडला की, औषधाचा परिणाम होतो तो पेशीतील एका ग्राही द्रव्यामुळे. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडून दाखविले की, मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या हाती धाडतात. रसायन हा निरोप, तर ग्राही हे तो घेणारे पेशीचे दार.

१९५० मध्ये मेंदूत 'गाबा' हे द्रव्य सापडले. पुढे ते मेंदूला आवर घालणारे ठरले : त्याने दार उघडले की क्लोराइडचे कण आत शिरतात व पेशी शांत होते. परंतु १९८९ मध्ये बेन-आरी व त्यांचे सहकारी यांना उंदराच्या नवजात पिलांत नेमके उलटे आढळले. तेथे गाबा पेशींना चेतवीत होते! १९९९ साली उलगडा झाला. क्लोराइड बाहेर उपसणारी यंत्रणा कोवळ्या पेशीत अपुरी असते. आतली पातळी चढलेली, म्हणून दार उघडताच कण बाहेर धावतात. हा दोष नव्हे. या चेतनेच्या आधारानेच पेशी वाढतात, एकमेकींशी जोडल्या जातात. मात्र गाबाच्याच दारावर काम करणारी औषधे नवजात बाळाच्या आकडीवर पुष्कळदा अपुरी पडतात, त्याचे एक कारण हेच असावे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्याचा मागोवा घेतला. बालपणीच्या ताणाचे ठसे प्रौढपणीच्या वागण्यात कसे उरतात व त्यात सेरोटोनिनच्या ग्राहींचा वाटा कोणता, हे त्यांनी प्राण्यांवर अभ्यासिले. २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना लाभले.

तात्पर्य, मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे. पूर ओसरतो, भिंती धुऊन होतात, मोठी माणसे कामाला लागतात. छावणीतून परतलेल्या मुलाच्या मनातले पाणीही त्याच दिवशी ओसरले, असे मात्र आपण धरून चालू नये.