गुरुचरित्रातले बेदर आणि सरहद्दीवरचा प्रवासी

आमच्या भागातल्या मराठी घरांत बेदर हे गाव भूगोलाच्या पुस्तकाआधी पोथीत भेटते. गुरुचरित्रातला तो यवन राजा आठवावा. मांडीवरचा फोड काही केल्या बरा होईना, तेव्हा पापविनाशी तीर्थावर त्याला वाट सुचवली जाते आणि तो गाणगापुरास नृसिंहसरस्वतींच्या पायाशी येतो. बीदरचे पापनाश ते हेच, असे आमच्याकडे मानतात. हा राजा बहामनी घराण्यातला नेमका कोण, याचा खल अभ्यासकांनी खुशाल करावा. मला अप्रूप वाटते ते पोथीकर्त्याचे. सरस्वती गंगाधर कानडी घरातला. आपल्याला मराठी येत नाही, असे तोच पोथीत सांगतो. आणि त्याच्याच पोथीचे सप्ताह आज महाराष्ट्रभर चालतात!

या भागातले पर्यटन वाढवावे, अशी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. पण प्रवासी आणायचा कुठून? तो तर केव्हाचाच येतो आहे. पौर्णिमेला सोलापूर-अक्कलकोटकडून गाड्या भरभरून गाणगापुरास येतात, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान होते, माधुकरी होते आणि गाड्या आल्या वाटेने परततात. त्याच जिल्ह्यातला कलबुर्गीचा किल्ला त्यांच्या गावीही नसतो. किल्ल्यात 1367 ची जामा मशीद आहे. मशिदीला मोकळे अंगण असते, ही आपली कल्पना. इथे मात्र सारी मशीदच घुमटांच्या छपराखाली. गावात 1422 साली वारलेल्या ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आहे. पुढे राजधानी बीदरला गेली. तिथे 1472 मध्ये महमूद गवानाचा मदरसा पुरा झाला. मदरशाच्या दर्शनी भिंतीवरचे रंगीत फरशीकाम आजही थोडेफार टिकून आहे. ज्या राज्यासाठी गवान राबला त्याच राज्याच्या सुलतानाने 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद करविला. शाळेत आम्हाला बहामनी राज्य एका परिच्छेदात उरकून शिवकालाकडे नेले, म्हणून ही नावे मराठी यात्रेकरूच्या ओठांवर नाहीत, असे माझे मत आहे.

दुसरे कारण सरकारी आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानचे तीन वाटे झाले. एकट्या बीदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, झहीराबाद, नारायणखेड आंध्रात आणि उरलेला भाग म्हैसूरकडे गेला. सोयरिकी राहिल्या, बाजारहाट राहिला. किल्ले मात्र वेगवेगळ्या दप्तरांत बांधले गेले. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते उदगीर आज लातूर जिल्ह्यात, तर ज्या बीदरच्या छायेत ते वाढले ते परराज्यात. 2014 मध्ये दख्खनी सुलतानांची स्मारके युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत गुलबर्गा, बीदर, विजापूर आणि हैदराबाद आहेत. म्हणजे दोन राज्यांची सीमा ओलांडणे जमले. नळदुर्ग, परंडा, औसा मात्र बाहेरच. नळदुर्गाचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा. विजापूरच्या इब्राहिम रोज्यात जो निजला आहे, तोच हा. मग धनी एक असताना यादी दोन का?

रस्त्याची सबब आता उरलेली नाही. उदगीर, भालकी, बीदर हा लोहमार्ग जुनाच; 2017 च्या ऑक्टोबरात 110 किलोमीटरचा बीदर-कलबुर्गी मार्गही सुरू झाला. वाटेत हुमनाबादला उतरले की माणिकनगर. 1865 साली समाधिस्थ झालेल्या माणिकप्रभूंची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत आणि उर्दूवळणाच्या हिंदीतही. ती ऐकताना कुणी दुभाषा मागत नाही.

उणीव आहे ती सांगणाऱ्याची. कलबुर्गीच्या मशिदीपाशी मराठी पाटी हवी आणि उदगीरच्या किल्ल्यात कानडी. घरी मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात दखनी बोलणारी आपली मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला जातात. असा तीन भाषांचा वाटाड्या विकत आणायचा म्हटला तर मिळेल का? दोन्ही राज्यांच्या पर्यटन खात्यांनी मिळून त्यांना शिकवावे आणि परवाना असा द्यावा, की तो भालकीतही चालेल आणि उदगीरातही.

तोवर वाचकांनी एक करावे. होळीनंतर बीदरजवळ अष्टूरला अहमदशहा वलीची जत्रा भरते. तिला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे जंगम पायी येतात. कबर सुलतानाची, मान जंगमाचा आणि तिथी पंचांगाची. मुलांना घेऊन जावे. घुमटाच्या आतले रंगकाम पाहायला विजेरी मात्र बरोबर ठेवावी.