घोणस सापाचें नामकरण

अमक्या साहेबांनीं अमका साप शोधून काढिला, असें ग्रंथांत वाचलें म्हणजे आम्हांस प्रथम हंसूं येतें. पिढ्यान्‌पिढ्या जो शेतकऱ्याच्या पायाखालीं येत आला व ज्याच्या दंशानें घरेंच्या घरें उघडीं पडलीं, तो शोधावयाचा राहिला होता कोठें? आपल्या घोणसाचीच हकीकत पहावी.

पॅट्रिक रसेल हा स्कॉटलंडचा वैद्य १७८१ सालीं भावाबरोबर विशाखापट्टणास आला. १७८५ त ईस्ट इंडिया कंपनीनें त्यास मद्रासेकडील निसर्गशास्त्रज्ञ नेमिलें. विषारी साप कोणता व निर्विष कोणता, हें कोणासही ओळखतां यावें, हा त्याचा ध्यास. त्यासाठीं त्यानें साप जमविले, कुत्र्यांस व कोंबड्यांस त्यांचे दंश करविले, आणि तीं कशीं मेलीं तें टिपून ठेविलें. हे प्रयोग आज वाचवत नाहींत. परंतु घोणस जवळजवळ नागाइतकाच घातक आहे, हें त्यांतूनच त्यास कळलें.

१७९६ त कारोमंडल किनाऱ्यावरील सापांचा त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यांत घोणसास लॅटिन नांव नाहीं. तेथील लोकांच्या तोंडचें ‘काटुक रेकुल पोड’ हेंच आहे. तेलुगूंत काटुक म्हणजे काजळ, रेकु म्हणजे पाकळी. सापाच्या अंगावरील काळसर ठिपके ज्यानें निरखून पाहिले, त्यासच असें नांव सुचावें! पुढच्याच वर्षीं लंडनांत जॉर्ज शॉ व नॉडर यांनीं ‘कोलुबर रसेली’ हें नांव छापिलें, आणि काजळ पुसलें गेलें. ‘रसेल’ मधला एक ‘ल’ शॉनें गाळला. त्यावर मात्र पुढें शास्त्रज्ञांत वाद माजला.

तथापि देशी शब्द अगदींच हद्दपार झाले नाहींत. मण्यारीच्या कुलाचें ‘बंगारस’ हें नांव रसेलनें नोंदलेल्या तेलुगू ‘बंगारम्’ वरून, म्हणजे सोन्यावरून, १८०३ त दोदँ यानें घेतलें. आणि घोणसाचें ‘दाबोइया’ हें कुलनाम १८४२ त ग्रे यानें हिंदुस्थानींतून उचललें.

मग हा सारा नांवांचा खेळच काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. ब्रह्मदेश, सयाम व जावा येथील घोणस दीर्घकाळ आपल्या घोणसाचाच पोटभेद मानला जाई. २००७ त तो निराळी जाति ठरला. हिंदी सापांच्या विषावरून केलेली लस त्याच्या दंशावर तितकीच लागू पडेल, असा भरंवसा धरतां येत नाहीं. आणि ब्रह्मदेशांतील भाताच्या शेतांत तर ह्याच सापाच्या दंशानें माणसें मरतात.