बोरघाटाचा चढ आणि असमतेचं चिन्ह

आजचा विषय आहे असमता. समीकरण विचारतं, 'नेमकं किती?' असमता विचारते, 'कमीत कमी किती? जास्तीत जास्त कुठवर?' बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटलं. आपण आज वापरतो ती < आणि > ही चिन्हं मात्र छापली गेली १६३१ साली, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात. तोवर त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती.

या चिन्हाचं काम बघायला आपण कर्जत-खालापुरात जाऊ. १८५६ साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीला पोचली. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट लोक पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून चढायचे. खोपोलीहून सरळ वर गाडी नेणं शक्य नव्हतं, म्हणून घाटाचा लोहमार्ग कर्जत-पळसदरीकडून डोंगराच्या कडेकडेनं काढला. तो १८६३ साली खुला झाला.

इंजिनाच्या ताकदीला आणि ब्रेकला मर्यादा असते. म्हणून इथं एक हद्द पाळली गेली : ३७ फूट अंतरात १ फुटाहून जास्त चढ नाही. एकूण चढायचं होतं १८३१ फूट. आता मार्गाची लांबी 'ल' फूट धरू.

ल ÷ ३७ ≥ १८३१

दोन्ही बाजूंना ३७ ने गुणलं, की झालं :

ल ≥ ६७,७४७

म्हणजे सुमारे १२.८ मैल. याहून आखूड मार्ग ही हद्द पाळून होणारच नाही. आता संख्यारेषा काढा. १२.८ वर भरीव ठिपका द्या, कारण ती संख्याही चालते. ती चालत नसती, म्हणजे चिन्ह नुसतं > असतं, तर ठिपका पोकळ ठेवला असता. तिथून उजवीकडे बाणासह जाड रेघ ओढा. प्रत्यक्षातला मार्ग झाला जवळपास १६ मैलांचा, कारण सगळीकडे सारखाच तीव्र चढ नव्हता. १६ रेघेवर आहे ना? मग उत्तर बरोबर. इथं एकच उत्तर नसतं, उत्तरांचा पट्टा असतो.

आता विद्यार्थी जिथं हमखास अडतात ती गोष्ट. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं, की चिन्ह उलटतं. पोरं हे पाठ करतात, पण का ते विचारत नाहीत. कर्जतहून वर जाताना चढ 'च' धरला, तर च ≤ १/३७. तोच मार्ग खंडाळ्याहून खाली आलो, तर चढ ऋण होतो. −१ ने गुणून बघा :

−च ≥ −१/३७

रूळ तेच, हद्द तीच, आपण फक्त तोंड फिरवलं. शून्याभोवती अख्खी संख्यारेषा उलटी झाली, उजवं ते डावं झालं. मग चिन्ह तसंच कसं राहील? बेरीज-वजाबाकीत रेषा नुसती सरकते, म्हणून तिथं चिन्ह बदलत नाही.

इतिहास वाचताना आम्हांला एक गोष्ट बोचते. उताराची हद्द कागदावर आकड्यांत मांडली होती आणि ती काटेकोर पाळली गेली. घाट खोदणाऱ्या मजुरांसाठी अशी रेघ कुणी आखली नाही. १८५९ साली मजुरीवरून त्यांनी दंगा केला, आणि पटकीनं कितीतरी माणसं तिथंच गेली. 'याहून कमी मजुरी नाही', 'याहून जास्त धोका नाही' ही वाक्यंसुद्धा असमताच आहेत. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे आला १९४८ साली, घाट खुला झाल्यानंतर ८५ वर्षांनी.

आजही कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात. तेवढा वेळ गाडी थांबते. तेव्हा वहीत ती संख्यारेषा एकदा काढून बघा.