इटलीची ओढ आणि आर्नोकाठची छत्री

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीवर एक मोठा पूल आहे. १९७८ साली बांधून पुरा झालेला. जाड पोलादी दोरांनी तोलून धरलेला हा पूल आधुनिक स्थापत्याचा नमुना म्हणून वाखाणला जातो. त्याचे नाव मात्र ऐकणाऱ्याला कोड्यात टाकते. तेथील लोक त्याला 'पोन्ते आल्लिंदियानो' म्हणतात. म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. उन्हाळ्यात फ्लॉरेन्समध्ये अमेरिकन प्रवाशांचे थवेच्या थवे उतरतात. त्यांतल्या एखाद्याने वाटाड्याला विचारलेच, की बाबा रे, हा हिंदी माणूस कोण, तर त्याचे उत्तर द्यायला खरा अधिकारी माणूस हवा कोल्हापूरचा. कारण तो हिंदी माणूस म्हणजे आपले छत्रपती राजाराम महाराज.

त्यांची हकीकत सांगण्याआधी त्या अमेरिकन प्रवाशाला थोडे न्याहाळू. घरदार, मोटार, थंड हवा, गरम पाणी अशी सारी सुखे पायाशी असताना हा माणूस महासागर ओलांडून इटलीला का धावतो?

'उन्हासाठी' असे पहिले उत्तर मिळते. आपण कोल्हापूरकर वैशाखात पंचगंगेच्या घाटावर पाय भाजून घेणारे. उन्हासाठी पैसे मोजणारा माणूस आपल्याला जरा वेडाच वाटतो. नकाशा पाहिला, तर हे कोडे आणखी वाढते. फ्लॉरेन्स हे न्यूयॉर्कपेक्षा तीन अंशांनी उत्तरेला आहे! सरळ हिशेबाने तेथे न्यूयॉर्कहून कडक थंडी पडावी. पण पश्चिमेचे वारे अटलांटिकवरची ऊब घेऊन येतात, दोन्ही अंगांना भूमध्य समुद्राचे पाणी आहे, आणि उत्तरेचे बोचरे वारे आल्प्सचा तट बराचसा अडवून धरतो. त्यामुळे न्यूयॉर्क बर्फाखाली असते तेव्हा इटलीच्या किनाऱ्यावर लिंबासंत्र्यांची झाडे फळांनी लगडलेली असतात. उन्हाळा स्वच्छ आणि कोरडा. आपल्याकडे आषाढात आभाळ फाटते, तेव्हा तिकडे आभाळात ढग शोधावा लागतो. तेथे पाऊस येतो तो शरद ऋतूत आणि हिवाळ्यात.

पण केवळ ऊन हवे असते, तर अमेरिकनाला त्याच्या देशात फ्लोरिडा आहे, कॅलिफोर्निया आहे. त्याला इटलीत आणखी काही मिळते. त्याचे राष्ट्र जन्मले १७७६ साली. ज्या घराला शंभर वर्षे झाली, त्याच्यावर तो कौतुकाने पाटी लावतो. असा माणूस रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या फरसबंदीवर उभा राहिला, की त्याला आपल्या घराण्याची हरवलेली वंशावळ सापडल्यासारखे होते. त्यात एकोणिसाव्या शतकात तेथील राहणी स्वस्त. हायरम पॉवर्स हा अमेरिकन शिल्पकार १८३७ साली फ्लॉरेन्सला आला, तो १८७३ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. कराराच्या खाणींतला संगमरवर जवळ, पिढीजात पाथरवट हाताशी आणि घरभाडे बेताचे. कलावंताला आणखी काय हवे? नॅथॅनिएल हॉथॉर्न हा कादंबरीकार १८५८ सालचा उन्हाळा फ्लॉरेन्समध्ये राहिला.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि या प्रवासाला भरतीच आली. १८६७ साली 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून निघाली. त्या बोटीवर मार्क ट्वेन हा तरुण पत्रकार होता. त्याने इटलीतल्या प्रत्येक गोष्टीची थट्टा केली. चित्रांची केली, वाटाड्यांची केली, इतकेच काय, आर्नोला पाणी कमी म्हणून त्या बिचाऱ्या नदीचीही केली. त्या प्रवासाचे पुस्तक १८६९ साली निघाले आणि हातोहात खपले. पुढे हाच थट्टेखोर गृहस्थ १८९२ साली बायकामुलांसह फ्लॉरेन्सजवळ बिऱ्हाड करून राहिला. १८९६ साली तो आपल्या मुंबईलाही येऊन गेला. १९०३ साली पत्नीची प्रकृती फार खालावली, तेव्हा तिला ऊब मिळावी म्हणून त्याने पुन्हा फ्लॉरेन्सच गाठले. ५ जून १९०४ रोजी त्या माउलीने तेथेच डोळे मिटले.

हवापालटासाठी आलेल्या पुष्कळांची हीच गत झाली. थिओडोर पार्कर हा गुलामगिरीविरुद्ध झगडणारा अमेरिकन धर्मोपदेशक. क्षयाने पोखरलेला देह घेऊन तो दक्षिणेच्या उन्हात आला आणि मे १८६० मध्ये फ्लॉरेन्सलाच वारला. तेथील इंग्रजी दफनभूमीत त्याची कबर आहे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग ही इंग्रज कवयित्रीही १८६१ साली त्याच मातीत विसावली. उन्हाच्या शोधात आलेली ही माणसे त्या भूमीचीच होऊन गेली.

आता कोल्हापूरकडे वळू.

येथे राजाराम नावाचा घोटाळा होतो, म्हणून आधी खुलासा करतो. शिवरायांचे धाकटे चिरंजीव ते हे नव्हेत, आणि राजर्षी शाहूंचे चिरंजीव तेही नव्हेत. १८६६ साली तिसरे शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब महाराज, निवर्तले आणि दत्तक राजाराम महाराज गादीवर आले. जन्म १८५० चा. म्हणजे वय सोळा. इंग्रजी शिकलेले, जिज्ञासू आणि नव्या जगाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारे. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानणारा तो काळ. तरीही १८७० साली हा विशीतला राजा विलायतेला निघाला. विलायत पाहायला गेलेल्या अगदी पहिल्या हिंदी राजांपैकी हे एक. तेथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. महाराज रोजच्या रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. बरोबरचे अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढे १८७२ साली लंडनला छापवली. गादीवरच्या राजाने परमुलखात पाहिले ते स्वतः लिहून ठेवावे, ही त्या काळी दुर्मीळच गोष्ट.

परतीच्या वेळी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते. महाराज बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा वाटेने निघाले. प्रकृती वाटेतच ढासळली. आल्प्स ओलांडून मंडळी इटलीत उतरली आणि फ्लॉरेन्सला पोहोचली. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. अमेरिकन ज्या उन्हासाठी येथे येत, ते ऊन महाराजांच्या वाट्याला आले नाही. महिना नोव्हेंबरचा, म्हणजे तेथील ऐन पावसाळी दिवस. ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांनी देह ठेवला. वय अवघे वीस. लक्ष्मीपूजन होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. इकडे करवीरात कुणाकुणाच्या घरी आकाशकंदील अजून उतरला नसेल, आणि तिकडे परक्या शहरात राजाच्या उशाशी मोजकी माणसे होती.

पुढचा प्रश्न अंत्यसंस्काराचा. इटलीत मृताला पुरण्याची रीत. प्रेताला अग्नी देणे ही कल्पनाच तेथे अचंब्याची. त्या देशातले पहिले आधुनिक दहन मिलान शहरात झाले, ते १८७६ साली. म्हणजे त्याला अजून पाच वर्षांहून अधिक काळ होता. पण सोबतच्या मंडळींनी आग्रह धरला आणि फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने परवानगी दिली. जागा कोणती निवडावी? शहराबाहेर कास्चिने नावाचे विस्तीर्ण उपवन आहे. त्याच्या टोकाला मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते. मंडळींनी तो संगम निवडला. चिखलीच्या प्रयागाला नद्या एकत्र येतात ते लहानपणापासून पाहिलेली ती माणसे. त्यांना परमुलखातही संगमच दिसावा यात नवल नाही. १ डिसेंबरच्या अंधाऱ्या पहाटे तेथे चिता पेटली. बातमी ऐकून आलेले फ्लॉरेन्सचे लोक भोवती दाटीने उभे होते.

त्याच ठिकाणी १८७४ साली छत्री उभी राहिली. चार खांब, वर घुमट, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आणि चार बाजूंना चार भाषांतले लेख. पुतळा फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. छत्रीचा आराखडा काढला चार्ल्स मँट याने. हे नाव कोल्हापूरकराने लक्षात ठेवावे असे आहे. आपला टाउन हॉल, थोरला दवाखाना, नवा राजवाडा हे सारे मँटच्याच आराखड्यांप्रमाणे उभे राहिले. नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला. तो पाहायला मँट मात्र राहिला नव्हता. टाउन हॉलच्या बागेत भेळ खाताना आपण ज्याची कमान पाहतो, त्याच हाताने आर्नोकाठी आपल्या राजावर छत्र धरले आहे. १८८० साली येथे महाविद्यालय सुरू झाले. त्याला राजाराम हे नाव मिळाले ते याच महाराजांच्या स्मरणार्थ. त्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या किती जणांना आपल्या प्रमाणपत्रावरचा राजाराम फ्लॉरेन्सला आहे हे ठाऊक असेल?

अमेरिकन प्रवाशाकडे पुन्हा पाहिले, म्हणजे त्याच्या ओढीचे मर्म आता अधिक उलगडते. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन पोटासाठी अमेरिकेला गेले. त्यांची नातवंडे, पणतवंडे आता आजोळचे गाव धुंडाळत इटलीला येतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन तरुण तेथे लढले. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला त्यांची दफनभूमी आहे. चार हजारांहून अधिक क्रूस तेथे रांगेने उभे आहेत. 'रोमन हॉलिडे' या १९५३ सालच्या चित्रपटाने रोमच्या रस्त्यांची मोहिनी घरोघर पोहोचवली खरी, पण त्याआधीच कित्येक घरांतून इटलीहून आलेली तार वाचली गेली होती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर आला आणि फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात, चित्रालयात चिखल भरला. तेव्हा भिजलेली पुस्तके हातोहात बाहेर काढायला देशोदेशीचे तरुण धावले. त्यांत तेथे शिकणारी अमेरिकन मुलेही होती. २०१९ साली पंचगंगेचा पूर ज्यांनी घरात घेतला, त्यांना या धावून येण्याचे मोल वेगळे सांगायला नको. ज्या मुलखात आपले माणूस ठेवले, तो मुलूख परका राहत नाही. ऊन हे निमित्त असते.

मग आपल्यालाही ते निमित्त आहेच. महायुद्धात इटलीच्या भूमीवर पाच हजारांहून अधिक हिंदी जवान पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे हा मराठा पलटणीचा नाईक १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर तुटून पडला आणि कामी आला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोंतोने या लहानशा इटालियन गावाने त्याचे स्मारक उभारले. हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्यावरचे बोधवाक्य.

कोल्हापूरची मंडळी अलीकडे युरोपच्या सहलींना आवडीने जातात. फ्लॉरेन्सला अर्धा दिवस असतो. त्यात मायकेलअँजेलोचा डेव्हिड, जुना पूल, कातडी पिशव्यांचा बाजार एवढे उरकते. पुढच्या खेपेला यातले थोडे कमी करावे. कास्चिनेच्या झाडीतून नदीच्या कडेकडेने शेवटच्या टोकापर्यंत चालत जावे. फ्लॉरेन्सकरांनी त्या जागेला दीडशे वर्षे 'हिंदी माणूस' म्हणून ओळखले आणि पुलालाही तेच नाव दिले. त्यांनी आठवण राखली, नाव आपल्याला ठाऊक आहे. एकदा जवळ उभे राहून ते नाव मोठ्याने घ्यावे. तसे मराठीतून कुणी हाक मारल्याला त्या छत्रीखालच्या पोराला फार दिवस झाले असतील.