गुळाच्या गावातला गोटी सोडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील खासबाग मैदानाबाहेर गोटी सोड्याची गाडी लावायचे. कुस्त्यांचा दिवस असला की बाटल्यांच्या गोट्या दाबून दाबून त्यांचा अंगठा सुजायचा. गाडीच्या खालच्या खणात चिंधीत गुंडाळलेली एक लहान बाटली असे. तिला हात लावायला आम्हा भावंडांना सक्त मनाई होती. एकदा मी चोरून तिच्यातला कण जिभेवर ठेवला. आधी भलताच गोड लागला, मग कडवट, आणि ती चव रात्रीच्या भाकरीपर्यंत तोंडातून गेली नाही. ते सॅकरीन होते. रेशनच्या साखरेचे ते दिवस. लेमनच्या पाकात साखर थोडी आणि ही चिमूट, असा हिशेब चालायचा. गिऱ्हाइकाला तो सांगितला जात नसे.

गुळाच्या गावात, उसाच्या जिल्ह्यात, गोडासाठी अशी चोरी का करावी लागावी, हा प्रश्न पुढे खूप वर्षे डोक्यात राहिला. त्याचे उत्तर शोधताना थंड पेयातल्या गोडाचा सगळा इतिहासच समोर आला.

साखर मूळ आपलीच. संस्कृत शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि युरोपात जाऊन शुगर झाली. आपला खंड म्हणजे खडा तिकडे कँडी झाला. परतीच्या वाटेने आपल्याकडे अरबी ‘शरबत’ आले. त्याचा धातू ‘पिणे’ या अर्थाचा. त्याच धातूतून इंग्रजीतला सिरप निघाला. म्हणजे ज्या मक्याच्या सिरपची आज जगभर चर्चा असते, ते नात्याने आपल्या मोहरमच्या सरबताचे दूरचे भावंडच.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना चुलवाणाची धग, चिपाडांचा ढीग आणि काहिलीवर वाकलेला गुळव्या आठवेल. रस किती आटला हे तो यंत्राने नव्हे, बोटाने ओळखतो. गूळ होण्याच्या थोडे आधी काहील उतरवली की काकवी मिळते. ही काकवी साखरेसारखी खडे धरू नये म्हणून तिच्यात लिंबाचा आंबटपणा घालतात. त्याने काय होते, हे समजले की पुढचा निम्मा वाद समजतो.

साखरेचा प्रत्येक कण म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची बांधलेली जोडी. आंबटाने ती गाठ सुटते आणि दोघे सुटे होतात. मग खडा धरत नाही. मधातही हे दोघे बहुतांशी सुटेच असतात. आता मक्याचे पाहा. मक्याच्या पिठुळ भागापासून, म्हणजे स्टार्चपासून, ग्लुकोजचा पाक निघतो. पण ग्लुकोज साखरेइतके गोड नसते. ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणारे एन्झाइम १९५७ मध्ये मार्शल आणि कूई या अमेरिकी संशोधकांनी दाखवले. पुढे १९६० च्या दशकात जपानच्या ताकासाकी यांनी ते कारखान्यात वापरता येईल असे केले. अशा रीतीने मक्याची काकवी तयार झाली म्हणा ना! शीतपेयांत वापरल्या जाणाऱ्या या पाकात साधारण ५५ टक्के फ्रुक्टोज आणि ४२ टक्के ग्लुकोज असते. साखरेत हेच प्रमाण निम्मे-निम्मे.

अमेरिकेत हा पाक रुजला तो चवीमुळे नव्हे, भावामुळे. १९७४ मध्ये जगभर साखर कडाडली. बाहेरच्या साखरेवर तिथल्या सरकारची बंधने होती आणि घरचा मका मुबलक होता. पाक पातळ असल्याने टाकीतून टाकीत ओतणेही सोपे. १९८४ पर्यंत तिथल्या बड्या कोला कंपन्या पूर्णपणे मक्याकडे वळल्या.

आपल्याकडे नेमके उलटे. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातही धुराडी उभी राहिली. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेला, त्याच वर्षी थम्स अप आले. १९९३ मध्ये कोका-कोला परतला, तरी आपल्या बाटलीतला गोडवा मुख्यतः उसाचाच राहिला. गंमत म्हणजे, अमेरिकेतले शौकीन मेक्सिकोहून आलेली उसाच्या साखरेची बाटली जास्त दाम मोजून घेतात. जुलै २०२५ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेतही उसाच्या साखरेचे पेय आणण्याचे जाहीर केले.

मग उसाची साखर बरी आणि मक्याचा पाक वाईट का? शरीराच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही. कोला आंबट असतो, त्यामुळे साखरेची गाठ बाटलीतच हळूहळू सुटू लागते. उरलेली आपल्या आतड्यात सुटते. यकृतापर्यंत पोहोचलेले फ्रुक्टोज उसाचे की मक्याचे, हे यकृत विचारत नाही. प्रश्न मापाचा आहे. ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले ते असे, की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. एकाच बाटलीत ही मर्यादा ओलांडली जाते.

तिसरा मार्ग बिनसाखरेच्या गोडाचा. त्याचा इतिहास म्हणजे न धुतलेल्या हातांचा इतिहास. १८७९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेतून घरी आलेल्या फालबर्गला जेवताना पाव गोड लागला. हाताला लागलेला तो पदार्थ होता सॅकरीन, मूळ दगडी कोळशाच्या डांबरातला. महायुद्धांत साखर दुर्मीळ झाली तेव्हा ते घरोघर पोहोचले. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटले आणि अ‍ॅस्पार्टेम सापडले. १९७६ मध्ये लंडनला शशिकांत फडणीस नावाचे संशोधक काम करीत होते. आडनाव ऐकताच आपला कान टवकारतो. प्राध्यापकांनी क्लोरीन जोडलेल्या साखरेची ‘टेस्ट’, म्हणजे चाचणी, घ्यायला सांगितली. फडणीसांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव ऐकले आणि ती चाखली! साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असे सुक्रालोज त्यातून हाती आले.

या पदार्थांविषयी दोन्हीकडून अतिरेकी बोलले जाते. २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमची नोंद ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात झाली. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमपर्यंतची जुनी मर्यादा कायम ठेवली. एखाद-दुसऱ्या बाटलीने ती ओलांडत नाही. मात्र वजन उतरवण्यासाठी हे पदार्थ वापरू नका, असेही जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी बजावले. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती.

मधुमेहाचे नाव निघाले म्हणून वडिलांचे सांगतो. साठीनंतर त्यांना तो जडला. साखर त्यांनी कटाक्षाने सोडली. पण चहात गूळ टाकीत राहिले. “गूळ आपला हाय, त्यो काय करतोय?” म्हणायचे. गूळही बहुतांशी साखरच असतो, हे आम्ही त्यांना वेळेवर समजावू शकलो नाही. आम्हालाही ते कुठे ठाऊक होते? पायाचे एक बोट काढावे लागले, तेव्हा कळले. मग डॉक्टरांनी चहासाठी बारीक गोळ्या दिल्या. डबी हातात घेऊन ते बराच वेळ बघत बसले. म्हणाले, “जल्मभर लोकास्नी चोरून पाजलं, आता मला चिठ्ठीवर लिहून देत्यात.” हसले, पण डोळे भरले होते.

आज बाटलीत काय आहे ते तिच्यावर छापलेले असते. अक्षर बारीक असते, पण असते. वडिलांच्या गाडीवर तेवढेही नव्हते. घरात नातवंडे थंड पेय मागतात तेव्हा मी त्यांनाच ते बारीक अक्षर मोठ्याने वाचायला लावतो आणि साखरेचे चमचे मोजायला सांगतो. रमजानमध्ये आमच्या घरी सरबत होते, पण साखर आता निम्मी पडते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी तोंडे वाकडी केली. आता बाहेरचेच सरबत त्यांना जास्त गोड लागते.