विंचवाचं बिऱ्हाड, वैद्याची आखणी

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन तळ्याकाठी चार दिवस काढायचे ठरले, की अमेरिकेत गाडीपेक्षा जागेची खटपट मोठी. मिनेसोटातल्या इटास्का स्टेट पार्कचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी भाची लॅपटॉप उघडून बसली आणि तिने विचारलं, "मामा, आपलं बिऱ्हाड किती फुटी?" समोर नकाशा होता. झाडीत रस्त्याचं वेटोळं, वेटोळ्याला तिरके फुटलेले फाटे आणि प्रत्येक फाट्याला नंबर. नंबरावर टिचकी मारली की माहिती येई: जागेची लांबी इतकी, वीज आहे की नाही, गाडी मागे घेत लावायची की सरळ. मंगल कार्यालय ठरवतानाही एवढी चौकशी होत नाही.

या तिरक्या फाट्याचं कूळ शोधत गेलो, तर गाठ पडली एका झाडांच्या वैद्याशी.

आधी गाडीचं उरकून घेतो. विंचवाचं बिऱ्हाड मोटारीच्या पाठीवर चढलं ते १९१०मध्ये. पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'टूरिंग लँडॉ' मांडली. तिच्या मागच्या सीटचा पलंग होई, शोफरच्या पाठीमागून घडीचं बेसिन निघे, शौचपात्रही होतं. शोफरशी बोलायला टेलिफोन! सगळा श्रीमंतांचा खेळ. पुढे फोर्डची मॉडेल टी स्वस्त होत गेली आणि साधी माणसंही तंबू, भांडी, डबाबंद खाणं बांधून निघाली. १९१९मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे या मंडळींनी आपला संघच काढला, नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स'.

मुक्काम कुठे करायचा, याला मात्र नियम नव्हता. झाड मोठं दिसलं की मोटार थेट बुंध्याशी न्यायची आणि तंबू ठोकायचा. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या राया लोकांच्या विशेष आवडीच्या. तिथली झाडं निस्तेज दिसायला लागली, तेव्हा एमिलिओ मायनेके यांना बोलावलं. हे सरकारी नोकरीतले वनस्पतिरोगतज्ज्ञ. झाडाला बुरशी का लागते, लाकूड आतून का कुजतं, हे पाहण्यात त्यांची हयात गेलेली. १९२८च्या अहवालात त्यांनी या झाडांचा जो रोग ठरवला तो बुरशीचा नव्हता. तो पर्यटकांचा होता.

रेडवुड तीनशे फूट वर जातो, पण त्याला खोल सोटमूळ नसतं. मुळं उथळच राहून लांबवर पसरतात. त्यांवरची माती पायांनी आणि टायरांनी धुम्मस केल्यासारखी घट्ट बसली, की हवा-पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. झाड लगेच मरत नाही, आणि तिथेच लोक फसतात. मायनेके यांचा राग माणसापेक्षा मोटारीवर जास्त होता. माणूस पायाखाली येईल तेवढंच तुडवतो. मोटार झुडपं चिरडते, खोडाची साल सोलते, वर तेल गाळते.

त्यांनी बंदी मात्र सुचवली नाही. १९३२च्या 'ए कॅम्प ग्राउंड पॉलिसी' या पुस्तिकेत त्यांनी आखणी सांगितली. रस्ता एकेरी ठेवायचा. दुहेरी केला तर रुंदी वाढते आणि जास्त झाडं पडतात. रस्त्यातून तिरका फाटा काढायचा, मोटार त्यात शिरून थांबेल. दोन्ही बाजूंना शिळा किंवा ओंडके असे रोवायचे की चाक पुढे सरकणारच नाही. आणि टेबल, चूल जागच्या जागी पक्की. त्या टेबलाचा जडपणा मला वेंधळेपणाच वाटायचा. कारण कळल्यावर मुकाट्याने बसलो: टेबल हललं की माणसं हलतात, आणि माणसं हलली की नवी जमीन तुडवली जाते.

१९३३मध्ये महामंदीतल्या बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर उभा राहिला. महिना ३० डॉलर पगार, त्यातले बहुतेक घरी पाठवायचे. या पोरांनी देशभर शेकडो स्टेट पार्कांत रस्ते, भिंती, तळ बांधले आणि मायनेके यांचं वेटोळं कागदावरून जमिनीवर उतरलं. इटास्कातही याच पोरांचे हात लागले आहेत. मिसिसिपी जिथे तळ्यातून निघते तिथे दगडांवरून उड्या मारत नदी ओलांडायची, हा तिथला मुख्य सोहळा. पण १९३०च्या दशकात तिथली दलदल उपसून नवा पाट खणला आणि दगड आणून बसवले, तेव्हा कुठे उगम उगमासारखा दिसू लागला! 'इटास्का' हे नावही घडवलेलंच. 'खरं मूळ' या अर्थाचे दोन लॅटिन शब्द, 'वेरिटास' आणि 'कापुट', हेन्री स्कूलक्राफ्टने १८३२मध्ये दोन्ही टोकांना छाटून जोडले.

वेटोळं जमिनीवर उतरतंय तोच मोटारीमागे ट्रेलर आले. सरळ शिरून मागे निघायला आखलेला फाटा लांब शेपटीच्या गाडीला जमेना. मायनेके १९३५मध्ये ट्रेलरच्या संकटाबद्दल लिहून मोकळे झाले, पण ट्रेलर काही हटले नाहीत, फाटेच बदलले. काही फाट्यांचा तिरकेपणा उलटा झाला, म्हणजे पुढे जाऊन मागे घेत शिरायचं, तो 'बॅक-इन'. काही दुसऱ्या टोकालाही रस्त्याला जोडले, तो 'पुल-थ्रू'. नवख्याने पुल-थ्रू घ्यावा. नाहीच मिळाला तर ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या, बाजूचा बॅक-इन पाहावा. मागे घेताना कोपरा दिसतो.

पुढे फाट्यावर विजेचा खांब आला. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला, वर कुणी चहाची किटली ठेवली, की अंधार. बऱ्याच स्टेट पार्कांत जागेवर सांडपाण्याची जोडणी नसते. निघताना डंप स्टेशनवर रांग लावावी लागते. तिथे आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. भाचीने हे काम मामाच्या नावावर आधीच टाकलं आहे.

आमच्या सामानाच्या यादीत एक ओळ होती, 'घरून लाकूड', ती मात्र मी खोडली. ॲश झाडांना मारणारा आशियाई भुंगेरा २००२मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि सरपणाच्या मोळ्यांतून राज्याराज्यांत गेला. मिनेसोटाच्या पार्कांत म्हणून मान्यताप्राप्त लाकूडच चालतं. तुम्हीही गेलात तर मोळी तिथेच विकत घ्या.